विमानातला कंपोस्टेबल डबा इंदूरला उतरल्यावर कुठे जातो?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

देशांतर्गत विमानप्रवासात मिळणाऱ्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनांत गेल्या काही वर्षांत ठळक बदल झाला आहे. प्लास्टिकच्या ताटलीच्या जागी अनेकदा उसाच्या चिपाडाच्या लगद्यापासून केलेला डबा येतो, प्लास्टिकच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा मक्याच्या स्टार्चपासून केलेला चमचा मिळतो आणि वेष्टनावर हिरव्या पानाचे चित्र व ‘कंपोस्टेबल’ अशी अक्षरे असतात. हा बदल चांगला आहे आणि तो करणाऱ्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु विमान उतरल्यावर हा डबा कोणत्या पिशवीत पडतो, ती पिशवी कोण उचलतो आणि शेवटी डब्याचे खत होते की नाही, याविषयी प्रवाशाला कोणीच काही सांगत नाही. हा प्रश्न इंदूरने विचारायला हवा आणि देशात सर्वांत आधी इंदूरनेच तो सोडवून दाखवायला हवा, असे मला मनापासून वाटते. त्यासाठीच हा पत्रप्रपंच.

या बदलामागे कायद्याचा रेटा आहे. केंद्र सरकारने १२ ऑगस्ट २०२१ रोजी प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत दुरुस्ती केली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, काटे, सुऱ्या, नळ्या, ट्रे आणि पेय ढवळण्याच्या काड्या यांच्यावर देशभर बंदी आली. कंपोस्टेबल प्लास्टिकच्या वस्तूंना या बंदीतून सूट आहे, मात्र त्या आयएस/आयएसओ १७०८८ या मानकात बसल्या पाहिजेत आणि त्यांच्या उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असले पाहिजे. बंदीच्या यादीत चमचे-काटे आले, पण ते ज्या पातळ पारदर्शक पाकिटात बंद करून दिले जातात ते पाकीट त्या यादीत नाही. त्यामुळे लाकडी चमचा प्लास्टिकच्या पाकिटातून हातात येतो, हे दृश्य आजही सर्रास दिसते.

हे मानक नेमके काय तपासते, हे सर्वसामान्य वाचकाला माहीत असणे आवश्यक आहे, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. मानकानुसार ती वस्तू सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या, ओलसर व हवा खेळत्या कंपोस्टमध्ये ठेवल्यावर १८० दिवसांच्या आत तिच्यातील किमान ९० टक्के सेंद्रिय कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि बारा आठवड्यांनंतर दोन मिलिमीटरच्या चाळणीवर तिचा दहा टक्क्यांहून अधिक भाग उरता कामा नये. ५८ अंश हे तापमान घरच्या कुंडीत किंवा सोसायटीच्या छोट्या खड्ड्यात सहसा टिकत नाही. ते टिकते मोठ्या, नीट रचलेल्या आणि वेळोवेळी पालटलेल्या ढिगाऱ्यात, म्हणजे खताच्या खऱ्याखुऱ्या कारखान्यात. प्रमाणपत्र खरे असूनही तो डबा रस्त्याच्या कडेला, नाल्यात किंवा कचऱ्याच्या डोंगरावर पडला, तर प्रमाणपत्रातले एकही अक्षर तिथे लागू होत नाही. कचऱ्याच्या ढिगात खोलवर, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे चिपाडाचा डबा आणि त्याला चिकटलेले अन्न कुजून मिथेन तयार होतो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट अधिक उष्णता धरून ठेवतो. मक्याच्या स्टार्चपासून केलेला, म्हणजे पीएलए या प्लास्टिकचा चमचा अशा ठिकाणी वर्षानुवर्षे जवळपास जसाच्या तसा पडून राहतो.

आमच्या टिळक नगरातील सोसायटीत ओल्या कचऱ्याचे खत आम्ही आवारातच करतो. समारंभानंतर उरलेल्या पत्रावळी आणि डबे त्यात टाकले की काय होते, ते मी बारकाईने पाहत आलो आहे. चिपाडाचे डबे फाडून, भिजवून टाकले तर काही आठवड्यांत मऊ पडतात आणि नंतर सापडतही नाहीत. पळसाच्या पानांचे द्रोण तर त्याहूनही लवकर जातात. पारदर्शक पेले आणि पांढरे कडक चमचे मात्र, त्यांच्यावर ‘कंपोस्टेबल’ छापलेले असले तरी, खत चाळताना वर येतात. त्या चमच्यांचा यात काही दोष नाही, कारण त्यांना लागणारी उष्णता आमच्या खड्ड्यात नाही. परंतु एकच शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंवर छापला जातो आणि लोक दोन्ही एकाच बादलीत टाकतात, ही अडचण खरी आहे.

विमानातील जेवणाची अडचण याहून एक पायरी पुढची आहे. ते अन्न जमिनीवरच्या स्वयंपाकघरात शिजते, झपाट्याने थंड केले जाते, थंडच विमानात चढते आणि तिथल्या छोट्या भट्टीत गरम हवेने पुन्हा तापवले जाते. पीएलए हे प्लास्टिक ५५ ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, म्हणून त्याचा साधा डबा या भट्टीत चालत नाही; त्याचे स्फटिकीकरण करून केलेले चमचे थोडी अधिक उष्णता सोसतात, इतकेच. या कारणाने गरम जेवणाला आजही ॲल्युमिनियमचा डबा वापरला जातो, आणि माझ्या मते त्यात गैर काही नाही, कारण ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येतो. अट एकच, तो अन्नासकट मिश्र कचऱ्यात जाऊ नये.

चिपाडाचा डबा उष्णता बऱ्यापैकी सोसतो, पण तेल आणि रस्सा शोषून घेतो. हे टाळण्यासाठी लगद्यात किंवा वरच्या थरात काहीतरी मिसळावे लागते, आणि अनेक देशांत वर्षानुवर्षे त्यासाठी पीएफएएस या गटातील फ्लोरिनयुक्त रसायने वापरली गेली. ही रसायने निसर्गात जवळपास तुटतच नाहीत. डबा कुजला तरी ती खतात राहतात, खतातून जमिनीत आणि जमिनीतून पिकात व पाण्यात जातात. डेन्मार्कने जुलै २०२० पासून अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांच्यावर बंदी घातली, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले की अशी तेलरोधक द्रव्ये तिथल्या बाजारात आता विकली जात नाहीत, आणि युरोपीय संघाच्या नव्या वेष्टन नियमावलीने ऑगस्ट २०२६ पासून त्यांच्यावर कडक मर्यादा आणली आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२३ साली पाने आणि शेतीतील इतर उपपदार्थांपासून केलेल्या ताटल्या-वाट्यांसाठी आयएस १८२६७ हे मानक आणले आणि त्यात रसायने, राळ व चिकटद्रव्ये यांना मनाई केली, ही अतिशय समाधानाची गोष्ट आहे. विमानात अन्न पुरवणाऱ्यांनी खरेदीच्या वेळी याच दर्जाचा आग्रह धरावा आणि पीएफएएस नसल्याचे चाचणीचे प्रमाणपत्र पुरवठादाराकडून मागून घ्यावे. ज्या खतावर आपल्या माळव्यातला गहू आणि बटाटा वाढणार आहे, त्याच्याबाबत इतकी खबरदारी मुळीच जास्त नाही.

इंदूरकरांना विशेष जवळचा असलेला एक पदार्थ म्हणजे पोहे. विमानात आता कोरडे पोहे किंवा उपमा भरलेला कागदी कप मिळतो, त्यात गरम पाणी ओतून झाकण लावले की काही मिनिटांत खाणे तयार होते. हा कप कागदाचा दिसतो, पण गरम पाणी धरून ठेवण्यासाठी अशा कपांच्या आत साधारणपणे पॉलिथिनचा पातळ थर असतो. तो थर कुजत नाही आणि कागदापासून सहजासहजी वेगळाही होत नाही. पॉलिथिनऐवजी कंपोस्टेबल थर देणारे कप बनतात, ते थोडे महाग पडतात. कपाच्या किमतीतला हा फरक विमानाच्या तिकिटापुढे नगण्य आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. मुंबई किंवा दिल्लीहून इंदूरला येणारे विमान हवेत जेमतेम सव्वा ते दीड तास असते. त्यात खाणे द्यायचे, विकायचे आणि उतरण्यापूर्वी सर्व गोळा करायचे असते. केबिनमधील कर्मचारी हातमोजे घालून मधल्या वाटेने एक मोठी पिशवी घेऊन येतात आणि अर्धवट खाल्लेले सँडविच, चहाचा कप, रसाचा डबा, पाण्याची बाटली, कागदी रुमाल आणि तो कंपोस्टेबल डबा असे सर्व एकाच पिशवीत जाते. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण पुढच्या उड्डाणासाठी विमान अर्ध्या तासात तयार करायचे असते आणि अरुंद गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात, दुसरी पिशवी ठेवण्याची व्यवस्थाच कोणी केलेली नसते. मात्र एकदा हे सर्व एकत्र झाले की ते वेगळे करणे जवळपास अशक्य होते. अन्नाने माखलेला कागद पुनर्वापराला जात नाही, आणि प्लास्टिक मिसळलेले अन्न खताला जात नाही. पीएलएचा पारदर्शक पेला आणि पाण्याच्या बाटलीचे पीईटी प्लास्टिक डोळ्यांना सारखेच दिसते. पीएलए पीईटीच्या ढिगात गेले तर त्या पुनर्वापराचा दर्जा बिघडवते, आणि पीईटी खतात गेले तर खत बिघडते. वर्गीकरणाच्या पट्ट्यासमोर उभ्या असलेल्या सफाई मित्राने एका क्षणात हा भेद ओळखावा, अशी अपेक्षा आपण कशी ठेवणार?

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, काही वर्षांपूर्वी असा अंदाज मांडला होता की विमानातील एका प्रवाशामागे सरासरी १.४३ किलो कचरा निर्माण होतो. लांबच्या उड्डाणांमुळे ही सरासरी वाढलेली आहे आणि आपल्या छोट्या उड्डाणांत तो नक्कीच कमी असेल, तरीही या कचऱ्यात अन्नाचा वाटा मोठा असतो हे महत्त्वाचे आहे. अन्नाने माखलेले वेष्टन धुऊन पुनर्वापराला पाठवणे परवडत नाही. अशा ठिकाणी कंपोस्टेबल डब्याचा खरा उपयोग आहे, कारण तो अन्नासकट खतात टाकता येतो. एरवी कचराकुंडीत गेले असते ते अन्न जमिनीत परत नेण्याची सोय त्याच्यामुळे होते, म्हणून त्याचा सर्वांत मोठा लाभ अन्नाच्या बाजूने आहे, असे मी मानतो.

हे इंदूरनेच करावे असे मी का म्हणतो? २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात पहिला आणि त्यानंतर सातत्याने वरच्या क्रमांकावर राहिलेल्या शहरांसाठीच्या सुपर स्वच्छ लीगमध्ये आघाडीवर राहिलेल्या या शहरात घराघरांत कचरा सहा प्रकारांत वेगळा केला जातो. हे वर्गीकरण आमच्या शेजारच्या आजीबाईंपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. देवगुराडियाच्या जुन्या कचऱ्याच्या डोंगराच्या जागी आज प्रक्रिया केंद्रे उभी आहेत, आणि १९ फेब्रुवारी २०२२ रोजी उद्घाटन झालेल्या तिथल्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमता दररोज ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७,००० किलो सीएनजी आणि १०० टन सेंद्रिय खत तयार करण्याची आहे. आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाच्या आवारातही २०२५ साली शून्य-कचरा केंद्र सुरू झाले आहे. इतकी तयारी देशातील फारच थोड्या शहरांकडे असेल.

तरीही एक सावधगिरीची सूचना करणे मला आवश्यक वाटते. विमानातील कंपोस्टेबल डबे सरसकट बायो-सीएनजी प्रकल्पाकडे पाठवून चालणार नाही. अशा प्रकल्पात हवेविना पचन होते, कचरा टाकीत काही आठवडेच राहतो आणि तापमान बहुधा ५८ अंशांपेक्षा बरेच कमी असते. पीएलए त्यात नीट पचत नाही, चिपाडाचे तंतूही सावकाश पचतात, आणि सुरुवातीच्या चाळणीतच डबे आणि चमचे अशुद्ध माल म्हणून बाजूला काढले जाण्याची शक्यता अधिक असते. या डब्यांसाठी हवेवर चालणारे, नियमित पालटले जाणारे कंपोस्टचे ढीग हवेत, ज्यांचे तापमान रोज मोजले जाईल. डबे आधी यंत्राने बारीक करून, बागेतील पालापाचोळा आणि ओल्या अन्नात मिसळून रचले तर चिपाडातला कार्बन आणि अन्नातला नायट्रोजन यांचा मेळ चांगला बसतो. विमानतळाच्या केंद्रात जागा असेल तर तिथे, नसेल तर देवगुराडियाला यासाठी वेगळा कोपरा राखून ठेवता येईल. माल फार मोठा नाही, म्हणून प्रयोगासाठी तो अगदी योग्य आहे.

असा प्रयोग जगात झालेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने ८ मे २०१९ रोजी सिडनी ते ॲडलेड हे उड्डाण असे केले की त्यातील कचरा कचराभूमीत गेलाच नाही. एरवी त्या उड्डाणात सुमारे ३४ किलो कचरा झाला असता. जेवणाचे डबे उसापासून आणि चमचे-काटे पिकांच्या स्टार्चपासून केलेले होते, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या सुमारे हजार वस्तू बदलल्या किंवा काढून टाकल्या होत्या, आणि कर्मचाऱ्यांनी उरलेले सर्व साहित्य खत, पुनर्वापर आणि पुन्हा वापर अशा वाटांनी वेगळे गोळा केले. माझ्या दृष्टीने त्यातील शिकण्यासारखा भाग डब्यांपेक्षा गोळा करण्याच्या शिस्तीत आहे. उतरण्याच्या शहरात हे साहित्य स्वीकारणारे कोणीतरी तयार होते, म्हणूनच त्या डब्यांना अर्थ आला.

परदेशातून येणाऱ्या विमानांतील अन्नाचा कचरा मात्र या योजनेत धरू नये. मांस आणि दुधाच्या पदार्थांबरोबर जनावरांचे रोग एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ शकतात, या कारणाने युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या विमानांतील अन्नकचरा सर्वांत धोक्याच्या गटात धरला जातो आणि त्याचे खत करू दिले जात नाही. इंदूरची बहुतांश उड्डाणे देशांतर्गतच असल्यामुळे हे बंधन इथे फारसे आड येणार नाही.

काही वाचक विचारतील की, धुऊन पुन्हा वापरता येणारी भांडी हा याहून सोपा उपाय नाही का? जमिनीवर तो निश्चितच उत्तम आहे, आणि आपल्या मंडळांच्या महाप्रसादासाठी महापालिकेच्या बर्तन बँकेतून स्टीलची ताटे आणणे हे कोणत्याही कंपोस्टेबल ताटलीपेक्षा चांगले आहे, असे मी नेहमी सांगतो. विमानात मात्र प्रत्येक किलो वजन इंधन खाते आणि परतीच्या फेरीत रिकामी भांडी पुन्हा वाहावी लागतात. लांबच्या उड्डाणांत, मोठ्या आणि सुसज्ज स्वयंपाकघरांच्या तळांवर, हलकी पण टिकाऊ भांडी परवडू शकतात. इंदूरसारख्या सव्वा तासाच्या उड्डाणात त्याहूनही सोपा मार्ग म्हणजे वेष्टनच कमी करणे. पराठ्याची गुंडाळी किंवा ठेपले यांना चमचा, काटा, ट्रे यांपैकी काहीच लागत नाही, एक साधा कागद पुरतो. मागणी आधी नोंदवून घेतली तर उरणारे, न उघडलेले डबेही कमी होतील.

घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ विमानतळांना स्पष्टपणे लागू करण्यात आले होते आणि दररोज १०० किलोंहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्यांवर त्यांनी वर्गीकरणाची व प्रक्रियेची जबाबदारी टाकली होती. शिवाय २०२२ च्या विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या मार्गदर्शक तत्त्वांत कंपोस्टेबल प्लास्टिकचाही समावेश आहे, म्हणजे ते बाजारात आणणाऱ्याने त्याच्या शेवटाचीही काळजी घ्यायची आहे. कंपोस्टिंगचा खर्च कोणी करायचा, हा वाद त्यामुळे निर्माण होण्याचे कारण नाही. तो खर्च वेष्टन बाजारात आणणाऱ्याचा आहे, आणि महापालिकेने विमान कंपन्यांकडून व त्यांच्या पुरवठादारांकडून तो रीतसर मागावा.

माझी विनंती विमानतळ प्राधिकरण, इंदूर महापालिका आणि इथे उड्डाणे करणाऱ्या विमान कंपन्या या तिघांनाही आहे. इंदूरला उतरणाऱ्या देशांतर्गत विमानांत दोन रंगांच्या पिशव्या द्याव्यात, एक अन्न आणि कंपोस्टेबल वेष्टनांसाठी व दुसरी बाटल्या, डबे आणि इतर सुक्या वस्तूंसाठी, आणि कर्मचाऱ्यांना दोन फेऱ्यांत कचरा गोळा करण्याइतका वेळ मिळावा. वेष्टनांवर ‘फक्त औद्योगिक कंपोस्टिंगसाठी’ ही सूचना हिंदीत, दिसेल अशा अक्षरांत असावी. पीएलएचे पारदर्शक पेले या मार्गावर वापरूच नयेत, कारण बाटलीशी त्यांचा घोळ होणे अटळ आहे. उतरण्याआधी कचरा गोळा करण्याची सूचना होते तेव्हाच, कोणती वस्तू कोणत्या पिशवीत टाकायची, हे एका वाक्यात सांगितले तर इंदूरचा प्रवासी ते आनंदाने करेल, याची मला खात्री आहे. दर महिन्याला किती किलो माल आला, त्यात किती भेसळ निघाली आणि किती खत झाले, हे आकडे महापालिकेने जाहीर करावेत, मग ते उत्साहवर्धक असोत वा नसोत.

विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून लागू होते. केवळ मुंबई-इंदूर मार्गावरील सकाळच्या उड्डाणांपासून सुरुवात केली तरी उन्हाळी वेळापत्रक लागेपर्यंत पाच महिन्यांची नोंद हाती येईल, आणि मानकातील १८० दिवसांच्या कसोटीवर आपले कंपोस्ट कितपत उतरते, हे प्रयोगशाळेत तपासून घेता येईल.

आपला,
एक वाचक,
टिळक नगर, इंदूर